बेशुद्ध अपघातग्रस्त : आधी श्वास की मान?

छत्रपती संभाजीनगर–जळगाव महामार्ग अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला येतो. लेण्यांना निघालेले पर्यटक, एसटी, मालट्रक आणि गावातल्या दुचाकी, सगळी वर्दळ याच रस्त्यावर. इथे अपघात झाला, तर 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीजवळ असतो तो एखादा हॉटेलवाला किंवा मागून आलेला दुचाकीस्वार. जखमी बेशुद्ध असेल तर त्याला प्रश्न पडतो : मानेला मार असेल म्हणून हात लावू नये, की श्वासासाठी काही करावे?

श्वास आधी. बेशुद्धीत स्नायू सैल पडतात आणि उताण्या माणसाची जीभ मागे जाऊन घसा बंद करते. प्राणवायू तुटला की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. मानेच्या मणक्याला प्रत्येक अपघातात इजा होतेच असे नाही. पण ती नाही हे रस्त्यावर ठरवता येत नाही, म्हणून इजा आहे असे धरूनच चालायचे.

आधी मागची वाहने थांबवावीत आणि 108 ला फोन करावा. छाती नीट हलत असेल व श्वास शांत असेल, तर जखमीला हलवू नये. कोणीतरी डोक्यामागे गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे तसे स्थिर धरावे. घोरल्यासारखा किंवा गुरगुर आवाज येत असेल तर ती झोप नव्हे, श्वास अडतो आहे. अशा वेळी डोके न वाकवता दोन्ही हातांची बोटे कानाखाली, जबड्याच्या कोनामागे ठेवून खालचा जबडा पुढे उचलावा. जबड्याबरोबर जीभही पुढे येते. तोंडात दिसेल तेवढीच घाण काढावी, घशात बोट घालू नये. एवढ्यानेही वाट मोकळी झाली नाही, तर हनुवटी उचलून डोके गरजेपुरते मागे न्यावे.

उलटी झाली तर डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून अंग एकदम कुशीवर वळवायचे. तीन-चार जण असतील तर डोके धरणाऱ्याने इशारा द्यावा. एकटा माणूस असेल, तरी डोक्याला आधार देत वळवावेच.

हेल्मेट श्वासाच्या आड येत नसेल तर राहू द्यावे, काच तेवढी वर करावी. काढायचेच झाले तर दोघे लागतात : एक मान व जबडा धरतो, दुसरा हेल्मेट हळूहळू ओढतो. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब सुरू करावेत.

आपल्याकडे लगेच पाणी पाजायची घाई होते. बेशुद्ध माणसाच्या बाबतीत ते पाणी फुप्फुसात जाऊ शकते. डोक्याखाली उशी देणे, बसवून पाहणे आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर मुटकुळे करून नेणे, यांनी मान आणि श्वास दोन्ही धोक्यात येतात. पोलिसांच्या भीतीने थबकणाऱ्यांसाठी, 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम 134अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते.