आकडा, वखार आणि घर क्रमांक ५०२

आज आपण अ‍ॅमस्टरडॅममध्ये पायी फिरणार आहोत. वाटाड्या पहिल्यांदा सांगतो, मान वर करा. कालव्याकाठच्या घरांच्या माथ्यावर एक तुळई पुढे आलेली दिसते, तिला लोखंडी आकडा. घरं अरुंद, जिने त्याहून अरुंद. म्हणून माल दोराने वर ओढायचा. तो भिंतीला घासू नये म्हणून घरं मुद्दामच पुढे झुकवून बांधलेली. होडी दाराशी लागायची, माल पोटमाळ्यावर चढायचा. राहतं घर आणि वखार एकच. वखार म्हटलं की आपल्याला वेंगुर्लं आठवावं: तिथे पडझडीत उभी असलेली डच वखार १६०२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीचीच.

कालव्यांचं हे कडं १६१३ पासून खणायला घेतलं. जमीन दलदलीची, त्यामुळे सगळं लाकडी खांबांवर. डाम चौकातल्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब. वर्षाचे दिवस ३६५, आधी १, शेवटी ९, असा तिथली पोरं हा आकडा पाठ करतात.

खांबांचं कौतुक सगळेच करतात. पण पैसा कुठून आला? हेरेनग्राख्त कालव्यावर ५०२ क्रमांकाचं घर आहे, महापौरांचं अधिकृत निवासस्थान. सतराव्या शतकात ते बांधून घेतलं पाउलस गोडिनने. हा गुलामांच्या व्यापारातला माणूस, आणि तसं सांगणारा फलक आज घरासमोर आहे. १ जुलै २०२१ला महापौर फेम्के हाल्सेमा यांनी शहराच्या वतीने गुलामगिरीबद्दल माफी मागितली. फलक लहान आहे, बरं का. मान वर करूनच चालत राहिलो तर तो दिसत नाही.