कागद जाळणारे आणि कागद मागणारे : राळेगणसिद्धी, पारनेर तालुका आणि जागतिकीकरण

१/
जागतिकीकरण म्हटले की १९९१ हे साल आठवते. रुपयाचे अवमूल्यन, नवे आर्थिक धोरण, परवाना राजला लागलेली ओहोटी. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याला जगाच्या बाजारपेठेचा तडाखा त्यापूर्वी शतकाहून अधिक काळ आधीच बसला होता. राळेगणसिद्धी याच तालुक्यातले. ‘स्वयंपूर्ण खेडे’ म्हणून ज्याचा दाखला दिला जातो, त्या गावाच्या शिवारात उभे राहून जगाकडे पाहण्याचा हा प्रयत्न. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव कडाडले, दख्खनमध्ये पैसा खेळू लागला, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले. भाव कोसळले, कर्ज मात्र डोक्यावर राहिले. त्यातच नव्या पाहणीनंतर काही तालुक्यांत शेतसारा वाढला.

३/
१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे पहिला उद्रेक झाला. (हे भीमथडीतले सुपे. पुणे-नगर रस्त्यावरचे, पारनेर तालुक्यातले सुपे वेगळे. पुष्कळदा गल्लत होते.) लोण लवकरच नगर जिल्ह्यात पोहोचले आणि पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

४/
या दंग्यांत लोकांनी काय जाळले, हे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि वहीखात्यांवर. बहुतेक ठिकाणी सावकाराने कागद हवाली केले की जमाव माघारी फिरे. कारण उघड होते. मजकूर सावकाराचा, अंगठा निरक्षर शेतकऱ्याचा आणि न्यायालय मानणार तो कागद. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे तर दर तीन वर्षांनी रोखा नवा होई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिसळे. ज्याचा अर्थ आपल्याला लागत नाही, तो कागद जाळणे एवढेच हाती उरले होते.

५/
सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. रोख्यावर लिहिलेला आकडा प्रमाण न मानता व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. व्हर्जिनियाच्या रणांगणावरून निघालेली लाट पारनेरच्या ओट्यांवर आदळली आणि तिच्या ओसरण्यातून एक हक्क जन्माला आला. बाजार आणि हक्क यांची ही सांगड पुढेही दिसणार आहे.

६/
बरोबर शंभर वर्षांनी, १९७५ मध्ये, लष्करातून निवृत्त झालेले किसन बाबुराव हजारे राळेगणला परतले. पाऊस जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. शेती पोट भरू शकत नव्हती. गावात दारूच्या भट्ट्या पेटत होत्या. अण्णांनी आरंभ केला तो यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून, भविष्य निर्वाह निधीतले स्वतःचे पैसे घालून. दारूबंदीच्या शपथा आणि श्रमदानाचे निर्णय पुढे याच मंदिराच्या साक्षीने झाले.

७/
हा धर्म निखळ गावचा होता काय? नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर मिळालेल्या स्वामी विवेकानंदांच्या पुस्तिकेने आपले आयुष्य बदलले, असे अण्णांनी वारंवार सांगितले आहे. विवेकानंदांची कीर्ती १८९३ च्या शिकागोतील सर्वधर्म परिषदेनंतर जगभर गेली आणि ती उजळून मायदेशी परतली. जलद छपाई, स्वस्त पुस्तिका, रेल्वेचे जाळे, स्थानकावरचा पुस्तकांचा गाळा, या आधुनिक साखळीतून तो विचार एका सैनिकाच्या हाती पडला आणि यादवबाबांच्या आवारात रुजला.

८/
‘ग्रामस्वराज्या’चेही तसेच. गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ लिहिले ते १९०९ मध्ये, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या ‘किल्डोनन कॅसल’ या जहाजावर. पुस्तकाच्या परिशिष्टात शिफारस केली आहे टॉलस्टॉय, थोरो आणि रस्किन यांच्या ग्रंथांची. म्हणजे जगापासून स्वायत्त असलेल्या खेड्याची कल्पना जगाच्या देवाणघेवाणीतूनच घडली. त्यामुळे तिचे मोल उणावत नाही. मात्र ‘गाव विरुद्ध जग’ ही मांडणी किती तोकडी आहे, ते कळते.

९/
राळेगणची खरी कमाई पाण्याची. नालाबांध, समतल चर, पाझर तलावाची दुरुस्ती, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि पाण्याची चैन करणाऱ्या पिकांना आवर. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीच्या प्रयोगातून धडा घेतला गेला. श्रम गावाचे, निधीचा मोठा वाटा शासकीय योजनांचा. विहिरींना पाणी आले, दुसरे पीक निघू लागले, आणि पिकलेला माल गावाबाहेरच्या बाजारात जाऊ लागला. पाणी अडवल्यामुळे गाव बाजारापासून दूर गेले नाही. उलट बाजारात उभे राहण्याची ताकद त्याला आली.

१०/
येथे एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याच्या घटना अण्णांनी स्वतःही नाकारलेल्या नाहीत. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या शिस्तीच्या लष्करी आणि धार्मिक स्वरूपावर, तसेच त्यात दलितांना मिळणाऱ्या दुय्यम स्थानावर बोट ठेवले आहे. गावाच्या नैतिक बळाने पाणी अडले, हे सत्य. त्याच बळापुढे एकट्या व्यक्तीचे हक्क दुबळे ठरले, हेही सत्य. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात लिहायला शिकले पाहिजे.

११/
आता १९९१ नंतरचा काळ. या काळात भांडवलाबरोबर हक्कांची भाषाही सीमा ओलांडत होती. माहितीच्या हक्काचा पहिला कायदा स्वीडनचा, १७६६ चा. अमेरिकेचा १९६६ चा. दक्षिण आफ्रिकेचा २००० चा. भारतात राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने मजुरीच्या हजेरीपटांसाठी जनसुनावण्या घेतल्या. महाराष्ट्राच्या २००२ च्या कायद्यासाठी अण्णांची उपोषणे झाली. ऑगस्ट २००३ मध्ये ते आझाद मैदानावर बसले आणि त्यानंतर त्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला.

१२/
१८७५ शी याची तुलना करून पाहा. ज्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, त्याच तालुक्यातून कागद मागण्याच्या हक्काची चळवळ राज्यभर गेली. कागद परका होता म्हणून जाळला गेला. तो वाचण्याचा, त्याची प्रत घेण्याचा अधिकार मिळाल्यावर तोच शस्त्र झाला. माझ्या मते पारनेरच्या आधुनिक इतिहासाचा हा गाभा आहे.

१३/
२०११ ची पार्श्वभूमी होती स्पेक्ट्रम वाटपाची, म्हणजे खुल्या अर्थव्यवस्थेत सार्वजनिक संपत्ती कोणाला आणि कशी दिली जाते, या प्रश्नाची. जंतरमंतर आणि रामलीला मैदानावरील उपोषणे उपग्रह वाहिन्यांनी घरोघर पोहोचवली. परदेशस्थ भारतीयांनीही पाठिंब्याची निदर्शने केली. वारकऱ्याच्या आणि शेतकऱ्याच्या डोक्यावरची पांढरी टोपी घोषणा छापून शहरी तरुणांच्या डोक्यावर आली. डिसेंबर २०१३ मध्ये लोकपाल कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा अण्णांचे उपोषण राळेगणमध्येच चालू होते. पहिले लोकपाल नेमले गेले ते मात्र मार्च २०१९ मध्ये.

१४/
मग आज जागतिकीकरण पारनेरला कोठे भेटते? कांद्यात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली आणि ती मे २०२४ मध्ये अटींसह उघडली. शुल्क पूर्णपणे हटले १ एप्रिल २०२५ ला. १८६५ मध्ये शेतकरी बुडाला तो जगाचा बाजार कोसळल्याने. आज बाजार चढा असतानाही दार बंद होते, कारण शहरातील ग्राहकाला कांदा स्वस्त हवा असतो.

१५/
पारनेरच्याच सुपे औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक राळेगणसिद्धीचा. गाव जगाशी जोडले गेले आहे, यात शंका नाही. प्रश्न इतकाच, की जोडणीच्या अटी ठरवताना गावाला कोणी विचारतो का?

१६/
माहितीच्या हक्काने निर्यातबंदीच्या आदेशाची प्रत शेतकरी मिळवू शकेल. पण आदेश निघण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सक्ती कोणावरही नाही. कागद जाळण्यापासून कागद मागण्यापर्यंत यायला या तालुक्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. कागदावर काय लिहायचे ते ठरवताना हजर असणे, ही पुढची पायरी. ती अजून चढायची आहे, आणि ते काम आपल्या पिढीच्या वाट्याचे आहे.