चालू-बंद खटक्याची कुळकथा

मोबाइलवरील खेळाच्या सेटिंगमध्ये एका स्पर्शाने आवाज चालू आणि पुढच्या स्पर्शाने बंद करणारे जे बटण असते, त्याला टॉगल म्हणतात. त्याचे कूळ मात्र विजेच्या खटक्यापर्यंत मागे जाते. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी 1884 मध्ये बनवलेल्या खटक्यात स्प्रिंग धातूची टोके झटक्यात विलग करी, कारण ती सावकाश दूर झाली की मधल्या हवेतून ठिणगी वाहत राहून टोके जळत. अशा खटक्याची दांडी अधेमधे थांबत नसल्याने प्रवाह चालू आहे की बंद, हे तिच्या कलावरूनच कळू लागले; ब्रिटिश प्रघातामुळे नागपूरच्या घरांत दांडी खाली म्हणजे चालू, तर अमेरिकेत नेमके उलट, हा भेद तेवढा आजही उरला आहे.

1918 मध्ये विल्यम एकल्स आणि फ्रँक जॉर्डन यांनी दोन निर्वात नळ्या अशा जोडल्या, की एकीतून प्रवाह वाहिला की दुसरी रोखली जाई आणि बाहेरून नवा संकेत येईपर्यंत तीच स्थिती टिके. पुढे फ्लिप-फ्लॉप म्हणून ओळखल्या गेलेल्या या मंडलामुळे स्थिती जपण्यासाठी हलत्या दांडीची गरज उरली नाही.

पडद्यावरील बटण हे तर निव्वळ चित्र असते. त्याची स्थिती बूलियन चलात, म्हणजे केवळ सत्य किंवा असत्य हीच मूल्ये घेणाऱ्या नोंदीत राहते. स्पर्श होताच स्क्रिप्टने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअर-इंजिनाला दिलेल्या आज्ञालेखाने, त्या मूल्याचा नकार तिथेच नोंदवावा आणि मग त्यानुसार चित्र बदलावे, हा क्रम योग्य होय. केवळ चित्र पालटून नोंद तशीच ठेवली, तर बटण एक सांगते आणि खेळ दुसरेच करतो.

कोपनहेगनमध्ये सुरू झालेल्या युनिटी इंजिनाच्या 4.6 या 2014 मधील आवृत्तीत टॉगल तयार घटक म्हणून आला. नागपुरी उन्हाळ्यातील कूलरवर पाण्याच्या पंपाचा खटका स्वतंत्र असतो, पण पंख्याच्या वेगाची कळ एका वेळी एकच वेग देते. त्याचप्रमाणे सुटा टॉगल स्वतंत्र चालतो, तर टॉगल-गटात एक निवडला की आधीचा आपोआप सुटतो.

खरी अडचण स्थिती साठवताना येते. युनिटीच्या प्लेअरप्रेफ्स या साठवणीत पूर्णांक, अपूर्णांक आणि मजकूर एवढेच ठेवता येत असल्याने चालू-बंद ही नोंद बहुधा 1 किंवा 0 अशी करतात. खेळ पुन्हा उघडल्यावर ती टॉगलवर चढवताना मूल्य बदलले, तर घटक बदलाची वर्दी देतो आणि कोणी स्पर्श केलेला नसतानाही बटणाचा आवाज वाजू शकतो. म्हणूनच 2019 च्या आवृत्तीत वर्दी न देता मूल्य ठरवणारी वेगळी आज्ञा देण्यात आली.