पाड्यावरून आझाद मैदानापर्यंत

लांब पल्ल्याची पदयात्रा पहिल्यांदाच करायची म्हटली, की आपल्याकडे आधी खरेदीची यादी होते. बूट, सॅक, तंबू, झोपायची पिशवी, टॉर्च. यादी चुकीची नाही. पण आपल्याच राज्याच्या अलीकडच्या इतिहासात हजारो माणसे सहा दिवस चालली, रात्री उघड्यावर झोपली आणि यांतले जवळजवळ काहीच त्यांच्याजवळ नव्हते. मग त्यांनी तयारी केली तरी कोणती? आज त्याविषयी बोलू.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे पायी निघाला. अंतर सुमारे १८० किलोमीटर. त्यात सुरगाणा तालुक्यातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि त्या भागाचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित मोर्चाच्या नेतृत्वात होते. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेवर असलेला हा डोंगराळ तालुका. १९४८ पर्यंत हे एक छोटे संस्थान होते. कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी ही इथली माणसे. नागली, वरई आणि भात ही पिके. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सरकारदरबारी जंगलाची, त्यामुळे सातबारा नावावर नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासींना चार हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य केला. पण दावे वर्षानुवर्षे पडून राहिले, मंजूर झाले तरी कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्र हाती आले, अशी तक्रार होती. चालण्याचे मुख्य कारण हे होते.

आता तयारीकडे येऊ. सुरगाण्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. जाताना पीठ, तांदूळ, तवा, पातेले आणि गोधडी यांचे बोचके बांधायचे, पोचल्यावर तीन दगडांची चूल मांडायची आणि मिळेल त्या जागी पथारी टाकायची. उघड्यावर राहण्याचे हे शिक्षण कोणी हौसेने घेतलेले नाही, पोटासाठी घेतलेले आहे. मोर्चात तेच उपयोगी पडले. फरक एवढाच, की इथे बोचके एका घराचे नव्हते. धान्य, भांडी, सरपण एकत्र करून गाडीत घातले गेले. गाडी पुढच्या मुक्कामी जाणार, स्वयंपाकाची मंडळी आधी पोचून चुली पेटवणार आणि चालणारे आले की गावागावांच्या पंगती बसणार. खांद्यावर उरली ती एक पिशवी आणि झेंडा.

ही रीत आपल्याला नवी नाही. वारीत दिंडीचा ट्रक तंबू आणि शिधा घेऊन असाच पुढे जातो. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली, तेव्हा तंबू आणि घोडे दिले ते अंकलीच्या शितोळे सरकारांनी. १९३० च्या दांडीयात्रेतही ‘अरुण तुकडी’ या नावाचे विद्यार्थ्यांचे पथक आधी गावात पोचून मुक्कामाची व्यवस्था पाहत असे. पहिल्यांदा चालणाऱ्याला टिकवून धरते ती मागची-पुढची ही व्यवस्था.

पण एक मोठा फरक आहे. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि वारी तिथे जवळपास तीन आठवड्यांनी पोचते. दांडीयात्रेने सुमारे ३८५ किलोमीटरला चोवीस दिवस घेतले आणि त्यात सोमवारी विश्रांती होती. नाशिकचा मोर्चा मात्र रोज तीस-पस्तीस किलोमीटर चालला, तोही मार्चच्या उन्हात, कसारा घाट उतरून, डांबरी महामार्गावरून. डोंगरातल्या पायवाटांची सवय असलेल्या पायांना तापलेल्या डांबराची सवय नव्हती. चपला तुटल्या, तळव्यांना फोड आले. काही जण अनवाणी चालले. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. आणि मार्च म्हणजे द्राक्षखुडीचा हंगाम. चाललेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. हाही खर्च तयारीतच धरायला हवा.

११ मार्चला, रविवारी, मोर्चा मुंबईत सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना रस्त्यात अडथळा नको, म्हणून दिवसभर चाललेली माणसे मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि पहाटे आझाद मैदानावर पोचली. मुंबईकरांनी पाणी, जेवण, चपला आणून दिल्या. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे त्यात होते. परतीसाठी रेल्वेने खास गाड्या सोडल्या.

आश्वासन पुरे झाले नाही, असे म्हणत फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि मार्च २०२३ मध्ये माणसे पुन्हा चालू लागली. २०२३ चा मोर्चा वाशिंदला थांबला. तिथल्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला.

या मोर्चांच्या मागण्या, तारखा आणि पुढाऱ्यांची नावे कागदोपत्री राहतील. पण कोणत्या घराने किती नागली दिली, चुलीवर कोणाची पाळी होती, घरी गुरांकडे आणि लेकरांकडे कोण थांबले, हे मात्र पाड्यावरच्या माणसांनाच ठाऊक आहे. सुरगाण्यातल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना एवढे विचारावे आणि लिहून ठेवावे. लांबच्या वाटेची तयारी कशी होते, हे पुढच्या पिढीला त्यातूनच कळेल.