वावरातला आकडा क्लाऊडपर्यंत कसा पोचला



संत्र्याच्या आंबिया बहाराचा हवामानावर आधारित विमा आपल्यापैकी बरेच जण काढतात. गारपिटीचं वेगळं आहे, तिथं आपण कळवायचं अन् मग पाहणी होते. पण कमी पाऊस, जास्त पाऊस, तापमान, यासाठी कोणी झाडाखाली येऊन पाहत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा जे म्हणेल ते खरं. अतिवृष्टीच्या मदतीतही तसंच, मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला पाहिजे. म्हणून हा आकडा यंत्रातून निघून कुठं जातो अन् मधात त्याचं काय होते, हे कास्तकारानं समजून घेतलं पाहिजे. आज त्याचा थोडा इतिहास.

सुरुवात तारेपासून. १८६४ मध्ये कलकत्त्यावर मोठं चक्रीवादळ आलं, पुढे १८६६ अन् १८७१ मध्ये पावसानं दगा दिला. तोवर प्रत्येक प्रांत आपापल्या परीनं नोंदी ठेवत होता. कोणाचं यंत्र वेगळं, कोणाची वेळ वेगळी. अशा नोंदी एकत्र मांडल्या तरी त्यातून काही निघत नाही. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग सुरू झाला, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. त्यांचं खरं काम मला वाटते ते हेच, की सगळीकडे सारखं यंत्र, सारखी वेळ अन् आकडा एका जागी. आकडा तारेनं पाठवायचा. नागपूरला रेल्वे १८६७ लाच आली होती, अन् जिथं रूळ तिथं तारेचे खांब.

तारेला शब्दामागे पैसे पडत. म्हणून हवामानाचा संदेश पाच-पाच अंकांच्या गटात बांधण्याची पद्धत पडली. कोणता अंक तापमानाचा, कोणता वाऱ्याचा, हे जागेवरून ठरते. ती पद्धत अजून मेली नाही. आपल्या सोनेगावच्या केंद्राचा जगभरातला क्रमांक ४२८६७ आहे, तोही पाच अंकीच. तार मात्र जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

अजून एक गोष्ट आहे, ती म्हणजे सकाळी साडेआठची नोंद. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला. म्हणजे १० तारखेला सकाळी ७ वाजता पडलेला पाऊस १० च्या खात्यात, अन् त्याच दिवशी ९ वाजता पडलेला ११ च्या खात्यात. गावात बरेच वाद याच्यावरून होतात, हे मी पाहिलं आहे. “माझ्याकडे दहाला पडला, कागदावर अकरा कसा?” तर असा.

पुढचा टप्पा उपग्रहाचा. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला, त्यात दूरच्या यंत्रांचे आकडे झेलून खाली केंद्राकडे देण्याची सोय होती. माणूस नसलेल्या जागेवरून आकडा येऊ लागला, ही मोठी गोष्ट. पण यंत्र नुसतं वर ओरडत होतं. पोचलं का नाही, याचं उत्तर त्याला परत येत नसे.

मग मोबाईलचे टॉवर आले अन् ३० एप्रिल २०१७ ला आपल्याच जिल्ह्यात डोंगरगावला महावेध प्रकल्पातलं पहिलं स्वयंचलित केंद्र सुरू झालं. राज्य सरकार अन् स्कायमेट यांचा हा प्रकल्प, राज्यभर २०६५ केंद्रांचा. जिथं दिवसातून एक आकडा मिळत होता तिथं दर १० मिनिटांचं बोलणं सुरू झालं. इथं खरा बदल आहे. एक आकडा वहीत लिहिता येतो. दोन हजार केंद्रांचे दर १० मिनिटांचे पाच-सहा आकडे म्हणजे पाटाचं वाहतं पाणी झालं, ते वहीत मावत नाही.

या वाहत्या आकड्यांची जी व्यवस्था जगात तयार झाली तिला स्ट्रीमिंग म्हणतात. क्लाऊड म्हणजे काही आभाळातला ढग नाही, कोणाच्या तरी इमारतीतले भाड्याचे संगणक. अन् गंमत पहा, स्वयंचलित हवामान केंद्रालाही एडब्ल्यूएस म्हणतात अन् अॅमेझॉनच्या क्लाऊडलाही एडब्ल्यूएस. कृषी विभागाच्या बैठकीत कोणी हा शब्द काढला तर आधी विचारा, कोणता.

यंत्राची बोली १९९९ ची आहे. आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क अन् आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवायला एमक्यूटीटी नावाची पद्धत काढली. ओसाड जागा, महागडा उपग्रह, कमजोर बॅटरी. आपल्या धुऱ्यावरच्या यंत्राचीही हीच अवस्था, म्हणून ती शेतीलाही लागू पडली. त्यात एक सोय मला फार आवडते. यंत्र जोडणी करतानाच आपलं मृत्युपत्र देऊन ठेवते: मी अचानक गप्प झालो तर सगळ्यांना हे सांगा. खरंच त्याला मृत्युपत्रच म्हणतात. ही सोय वापरली तर शून्य पाऊस अन् बंद पडलेलं यंत्र यातला फरक कळतो. नाही वापरली तर दोन्ही ‘शून्य’ दिसू शकतात, अन् आपल्यासाठी त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी भानगड पोच मिळण्याची. पोच आली नाही तर यंत्र तोच आकडा परत पाठवते. घेणाऱ्यानं दोनदा मोजला तर ४० चे ८० होतात, अन् ६५ ची रेघ ओलांडली जाते. उलट रेंज नसताना यंत्रानं आकडा पोटात जपला नाही तर ७० चे ३० होतात. म्हणून आकड्यावर तो पोचल्याची नाही, मोजल्याची वेळ पाहिजे. सकाळी सव्वाआठचा पाऊस रेंज आल्यावर दुपारी पोचला, अन् पोचल्याची वेळ धरली, तर तो दुसऱ्याच दिवसात जमा होते.

क्लाऊडमध्ये हे आकडे झेलणाऱ्या यंत्रणांपैकी काफ्का नावाजलेली. लिंक्डइन कंपनीत बनली, २०११ मध्ये सगळ्यांना खुली केली. नाव लेखक फ्रान्झ काफ्कावरून, कारण ती लिहिण्यासाठी बनवली आहे. तिचं तत्त्व तलाठ्याच्या नोंदवहीचंच आहे: नवीन ओळ खालीच लिहायची, वरची खोडायची नाही. फरक इतकाच की ही वही एकाच वेळी दहा जण वाचू शकतात, प्रत्येक जण आपल्या गतीनं. विमा कंपनीनं वाचल्यानं विद्यापीठाचं वाचन अडत नाही. मग त्या दहांत अकरावा कास्तकार का नसावा? तांत्रिक अडचण काहीच नाही. वही कोणाला उघडून द्यायची, एवढंच ठरवायचं आहे. जुनी ओळ खोडत नाही म्हटल्यावर मागच्या हंगामातली नोंद तपासताही आली पाहिजे, अर्थात ती किती दिवस ठेवायची हे चालवणारा ठरवते.

अजून एक राहते, ते म्हणजे अंतर. माझा बगीचा मंडळाच्या केंद्रापासून सात किलोमीटर दूर आहे. जून-जुलैचा पाऊस नाल्याच्या एका बाजूला पडते, दुसरीकडे धूळ उडते. आकडा कितीही लवकर पोचला तरी तो तिथल्या पावसाचा, माझ्या वावरातला नाही. म्हणून मी धुऱ्यावर साधं पर्जन्यमापक लावलं आहे, झाडापासून लांब, मोकळ्यात. रोज साडेआठला वाचतो अन् कॅलेंडरवर लिहितो. विम्यात त्याला किंमत नाही, हे माहीत आहे. पण केंद्राच्या आकड्याशी लावून पाहिलं की कोणत्या दिवशी यंत्र गप्प होतं, त्याचा अंदाज येते. ज्यांच्याकडे या मृगापासूनच्या दोन्ही नोंदी आहेत त्यांनी मंडळाच्या नावासह कळवा, एका तक्त्यात मांडतो.