बहीत न उतरलेले माहेर

लासलगावाहून नाशिकास वा त्र्यंबकेश्वरी श्राद्धविधीसाठी गेलेल्या गृहस्थास तीर्थोपाध्याय प्रथम त्याचे आडनाव व मूळ गाव विचारतात, आणि मग लांबट बहीची पिवळी पडलेली पाने उलटीत त्याच्या पणजोबाच्या हस्ताक्षरावर जेव्हा बोट ठेवतात, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिल्यावाचून राहत नाही. वंशावळीचे महत्त्व केवळ पारमार्थिक नव्हते. वतनाचा तंटा पडला की तीच पुढे येई, आणि 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनास सनदा व दफ्तरे तपासण्याचा अधिकार मिळाल्यावर इनामदारांना आपला वारसा पिढ्यान्‌पिढ्यांचा सिद्ध करून द्यावा लागला. हा वारसा मुलग्यांचा. मुलगी सासरी गेली की तिची शाखा कागदावर तुटे. पुष्कळ घरी लग्नात तिचे जन्मनावही बदले.

रोगाचा वारसा ही शिस्त पाळीत नाही. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने 1866 मध्ये आपल्या पत्नीच्या घराण्यातील चार पिढ्यांची स्तनाच्या कर्करोगाची हकिगत नोंदविली. आपल्याकडे 1941 साली परळास टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेथील व्ही. आर. खानोलकर यांनी एल. डी. संघवी यांच्यासह 1949 मध्ये मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांच्या आनुवंशिक लक्षणांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे कळले ते असे, की स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांतील दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मिळतो तो रोग नव्हे, रोगाकडचा कल. आणि कर्करोगाच्या शंभरांतील पाचदहा रुग्णांतच अशी आनुवंशिकता असते. हे आवर्जून सांगतो, कारण ‘त्या घरात मुलगी देऊ नका’ एवढाच बोध घेण्याची आपली खोड जुनी आहे.

या जनुकांपैकी पहिल्याचा नेमका ठाव 1994 साली लागला. त्याच वर्षी 22 जूनपासून महाराष्ट्रात मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क मिळाला. त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या गेल्या.

रुग्णालयातील समुपदेशक आज कोऱ्या कागदावर पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ काढीत विचारतात, ‘आजीच्या माहेरी कोणाला गाठ होती का?’ नातू गप्प राहतो. शेजारी बसलेली म्हातारी आत्या मात्र पदर सावरून म्हणते, ‘तिच्या धाकट्या बहिणीला होती. तरणीताठी गेली. नाव काय बरं तिचं?’