व्यक्तिकेंद्रित समुपदेशन

मदतीसाठी आलेल्या व्यक्तीला रोगी न मानता, स्वतःच्या आयुष्याची सर्वाधिक जाण तिलाच असते असे गृहीत धरून तिच्या गतीने चालणारी मानसोपचारपद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–८७) यांनी ती १९४० नंतरच्या दशकात विकसित केली व १९५१ मधील ग्रंथात सविस्तर मांडली. समानुभूती म्हणजे दुसऱ्याचे जग त्याच्या बाजूने समजून घेणे, विनाअट स्वीकार आणि समुपदेशकाच्या वागण्याबोलण्यातील खरेपणा, ही तिची प्रमुख अंगे होत.

या पद्धतीला समग्र दृष्टी जोडली गेली की मनाबरोबर शरीर, कुटुंब व उपजीविकाही विचारात येतात. बीड जिल्ह्यात, परळी वैजनाथ तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या भागात, अशा समग्र समुपदेशनाची निकड विशेष जाणवते; कारण मुकादमाकडून (मजूर-कंत्राटदाराकडून) घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडण्यासाठी जोडीने ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीची निद्रानाशाची तक्रार कंबरदुखी, कर्ज आणि गावी राहिलेली मुले यांपासून वेगळी काढताच येत नाही. अशा वेळी ‘काळजी करू नका’ हा उपदेश निरुपयोगी ठरतो. समुपदेशक तिचेच म्हणणे नेमक्या शब्दांत तिच्यापुढे ठेवतो, मधली शांतता मोडण्याची घाई करत नाही आणि पुढचे पाऊल तिला ठरवू देतो. मात्र आत्महत्येचे विचार वा तीव्र मनोविकार आढळल्यास केवळ ऐकून घेणे पुरत नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे अनिवार्य असते.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीद्वारे विनाशुल्क समुपदेशन मिळते.